गल्लीच्या अक्षता

हात उगारलेलाच राहिला आणि समोरच्या दारातून लोक आइस्क्रीम खात बाहेर आले. म्हणजे लग्न लागलं होतं. कधी लागलं, शेवटचं मंगलाष्टक कुणी म्हटलं, अंतरपाट कधी सरला, काहीच कळलं नाही. मी आमच्या स्नेहलतागंजातल्या गॅलरीत उभी, मुठीत कुंकू लावलेले तांदूळ, डोक्यावर वैशाखाचं ऊन, आणि समोर नव्या सभागृहाची ती काचेची भिंत. दिवसा तिच्यातून आतलं काही दिसत नाही. आपलीच गल्ली दिसते, आपलीच वाळत घातलेली धोतरं-साड्या दिसतात. त्यातच एक बाई दिसली, पांढऱ्या केसांची, हात उगारलेली, कुणाला तरी दगड मारायला निघाल्यासारखी. ओळखायला क्षणभर लागला. मग मी हात खाली घेतला. तांदूळ घामानं तळव्याला चिकटले होते आणि कुंकू हाताच्या रेषांत उतरलं होतं. खाली गाडीला टेकून उभा असलेला ड्रायव्हर वर बघत होता. त्याला वाटलं असेल, म्हातारी कबुतरं हाकलतेय.

मला एकदम रडू आलं. लग्न कुणाचं होतं हेही मला ठाऊक नव्हतं, तरी आलं. आमच्या घरचा नियम असा, की ज्याच्या कानावर मंगलाष्टकं पडली तो वऱ्हाडी. त्यानं अक्षता टाकल्याच पाहिजेत. नियम माझ्या सासूबाईंचा, गंगूबाईंचा. मी लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा समोर सभागृह नव्हतं, मंगल कार्यालय होतं. वर पत्रे, दोन्ही अंगांना मोठाल्या खिडक्या, आणि त्या खिडक्यांना कड्या म्हणून नव्हत्याच. भटजींचा आवाज, माइकची शिट्टी, कुणाच्या तरी आत्यानं रचून आणलेलं, कुठल्याच चालीत न बसणारं मंगलाष्टक, सगळं थेट आमच्या स्वयंपाकघरात यायचं. सासूबाई पोळी तव्यावर टाकलेली असली तरी सोडून गॅलरीत धावायच्या. कोनाड्यात पितळेची वाटी कायम भरलेली. ‘सावधान’ झालं की गल्लीतल्या सगळ्या गॅलऱ्यांमधून हात बाहेर येत. तांदूळ नवरा-नवरीपर्यंत पोचायचे नाहीत हे उघडच होतं. ते बँडवाल्यांच्या टोप्यांवर पडत, गाईच्या पाठीवर पडत, आणि खाली मनीषच्या पोह्यांत पडत. मनीष तेव्हा नुकताच पोह्यांची गाडी लावायला लागला होता. दोन-चार लग्नं झाल्यावर तो इतका तयार झाला की शेवटची ओळ सुरू झाली की न बघता पोह्यांवर झाकण ठेवायचा.

कार्यालयही गल्लीला विसरायचं नाही. पहिली पंगत बसायच्या आधी ‘गल्लीचं पान’ निघायचं. तुम्ही आमचा गोंगाट सोसता, तुमच्या मोरीत आमचे पाहुणे आंघोळी करतात, म्हणून घरोघर जिलबी आणि मठ्ठा. स्टेशन हाकेच्या अंतरावर, त्यामुळे वऱ्हाड ठेल्यावर ट्रंका टाकून चालतच यायचं, आणि आल्याबरोबर गल्ली कामाला लागायची. द्वारकाबाईंकडे साड्यांना इस्त्री, कोपऱ्यावर दाढ्या, वरच्या खोल्यांमध्ये मुलीकडची मंडळी, आणि मुंडावळ्या माझ्याकडे. खऱ्या फुलांच्या. इथे, हिंदी मुलखात, बाकीच्यांच्यात नवऱ्याला सेहरा. मुंडावळ्या काय त्या आपल्या मराठी लोकांच्या, त्यामुळे हे काम करणारंही फारसं कुणी नाही. केळीच्या सोपाचा दोरा भिजवायचा, मोगऱ्याच्या कळ्या जोडीजोडीनं बसवायच्या, कानाशी गुलाबाची एक कळी, आणि खाली लोंबणारे दोन तुरे. फुलं टपोरी हवीत पण उमललेली नकोत. ती उमलायची वेळ नवरीच्या कपाळावर यायला हवी, हे मी सासूबाईंकडून नाही, चुकत चुकत शिकले.

पहिली चूक अरुंधतीच्या कपाळावर झाली. ती आमच्या मागच्या गल्लीतली, माझ्याहून थोडी लहान. पण तिचं ठरलं उशिरा आणि झालं घाईनं. तिच्या आईनं माझ्या हातचा गजरा बघितला होता, तेवढ्यावर म्हणाली, मुंडावळ्या तूच कर. मी रात्रभर कळ्यांना ओल्या फडक्याखाली जपलं आणि सकाळी त्या सुटतील ह्या भीतीनं अशा काही आवळून बांधल्या, की अरुंधतीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तिच्या भुवया वर चढलेल्या आहेत. ती नवऱ्याकडे बघून चकित झालीये असं सासरच्यांना वाटलं. मुंडावळ्या सोडल्या तेव्हा कपाळावर आडवी लाल रेघ. आजही ती मला रस्त्यात भेटली की आधी दोन बोटं कपाळावरून फिरवते आणि मग बोलते. आज संध्याकाळी, गोरज मुहूर्तावर, तिच्या मुलीचं लग्न आहे. मधुरिमाचं. समोर, त्या काचेच्या आत. आणि मुंडावळ्या माझ्याकडे आहेत. ह्या मोसमात माझ्याकडे आलेलं हे एवढं एकच काम.

मी वाटी कोनाड्यात ठेवली आणि आत आले. आमचे हे, म्हणजे शरदचंद्र, रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले, पेपर तोंडासमोर धरून बसले होते. मी म्हटलं, “लागलं लग्न. मला ऐकूच आलं नाही.” त्यांनी पेपर खाली केला. “काय?” मी पुन्हा ओरडून सांगितलं. जन्मभर मालगाड्यांच्या आवाजात हुज्जत घातल्यामुळे त्यांचे कान गेलेत, हे मला ठाऊक होतं. पण ते पुढे जे बोलले ते मला ठाऊक नव्हतं. म्हणाले, “अगं, मला तर कधीच ऐकू नाही यायचं. पुष्कळ वर्षं झाली.” मी म्हटलं, “मग तुम्ही अक्षता कशा टाकायचात बरोब्बर?” ते जरा लाजले. ह्या वयात लाजले. म्हणाले, “मी तुझ्या हाताकडे बघायचो. तुझा हात उठला की माझा.” आणि पेपर पुन्हा वर.

मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच पाणी प्यायले. इतकी वर्षं आम्ही शेजारी उभे राहत होतो. मला वाटायचं, आम्ही दोघं ऐकतोय. त्यांच्या लेखी ते सगळं मुकंच होतं. भटजी नव्हते, बँड नव्हता, नुसता माझा हात होता. आणि मला कधी कळू दिलं नाही या माणसानं. राग यावा की काय करावं कळेना, म्हणून मी चहा टाकला आणि त्यात त्यांना आवडतं तसं आलं जास्त किसलं.

कळ्यांची टोपली घेऊन बसले तेव्हा दुपार चढली होती. हात आपलं काम करतात, मन मोकळं सुटतं. जुनं कार्यालय पाडायचं ठरलं तेव्हा गल्लीची मीटिंग झाली होती. खोटं कशाला बोलू, सगळ्यात आधी हात मी वर केला होता. जुन्या कार्यालयात बायकांची सोय म्हणजे मागच्या अंगणातला एक अंधारा बोळ. भरजरी शालू सावरत तिथे जाणाऱ्या नवऱ्या मी पाहिल्यात. लिफ्ट होणार, स्वच्छ बाथरूम होणार, गल्लीत धंदा येणार, कोण नाही म्हणेल? मग दोन मोसम नुसती धूळ आणि ठोकाठोक. मनीष गाडी घेऊन बडा गणपतीकडे निघून गेला आणि सकाळी पोह्यांचा वास यायचा बंद झाला, तेव्हा गल्ली आजारी माणसासारखी वाटायला लागली. मग हे उभं राहिलं. बहुउद्देशीय सभागृह. उद्देश खरोखरच पुष्कळ आहेत त्याचे. आज लग्न, उद्या साड्यांचा सेल, परवा कोचिंगवाल्यांचं भाषण, तेरवा कुठल्या कंपनीची मीटिंग, आणि रविवारी पोरींची नाचाची स्पर्धा.

मनीष परत आला आणि आता त्याची गाडी राहिली नाही, पक्कं दुकान झालं. परवाच म्हणत होता, “काकीजी, पहले मुहूर्त असला तरच धंदा. आता काय, रोजच मुहूर्त आहे भिया!” मला, बाईमाणसाला, भिया म्हणजे भाऊ म्हणाला ते त्याच्या लक्षातही आलं नाही, इतका खूश. वर जीरावण मसाला जास्त भुरभुरून पोह्यांचा दोना दिला. वरच्या खोल्यांवाल्यांनी एसी बसवले, तिथे आता बाहेरगावचे साडीवाले उतरतात. द्वारकाबाईंची इस्त्री मात्र बसली. आत वाफेचं मशीन आहे, कुणी साडी घेऊन रस्ता ओलांडत नाही. पण त्यांच्या सुनेला तिथेच साफसफाईवर नोकरी लागली, युनिफॉर्म घालून, गळ्यात कार्ड अडकवून सकाळी समोर जाते तेव्हा द्वारकाबाई ओट्यावर बसून तिच्याकडे अशा बघतात की जणू सून कलेक्टर झाली. मग मी रागवायचं तरी कुणावर? फुलं आता बाहेरून येतात, डेकोरेटरच्या ट्रकमधून, भिंतीच्या भिंती भरून. मुंडावळ्या मोत्यांच्या, डबीतून, घरपोच. त्या कोमेजत नाहीत. कपाळावर रेघही पडत नाही म्हणे. आणि गल्लीचं पान बंद. खाण्याचं काही दाराबाहेर न्यायचं नाही असा नियम आहे. ते मी सोसलं. जिलबीविना माणूस मरत नाही. पण आवाजही आतच कोंडून ठेवतील, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मीटिंगमध्ये कुणाच्याच आलं नव्हतं. आम्ही लिफ्टबद्दल विचारलं, पार्किंगबद्दल विचारलं. मंगलाष्टकं ऐकू येतील का, असं कुणी विचारतं का?

काल यशवर्धन आला होता. सभागृहाचा मॅनेजर. मुलगा जुन्या सरदार घराण्यातला, पणजोबा होळकरांच्या फौजेत होते, आणि हा हातात वॉकीटॉकी घेऊन पनीर टिक्क्याची फौज हलवतो. पोरगा गोड आहे. वाकून नमस्कार करतो, चप्पल बाहेर काढतो. म्हणाला, “काकूजी, एक मस्त आयडिया आहे. लाइव्ह काउंटर! जसा डोसा काउंटर असतो, चाट काउंटर असतो, तसा मुंडावळ्या काउंटर. तुम्ही लॉबीत बसायचं, नऊवारी, नथ, फुल ट्रॅडिशनल, आणि गेस्ट लोकांसमोर बनवून दाखवायच्या. लोक व्हिडिओ काढतील. आजकल सबको असली चीज़ पाहिजे.” मी म्हटलं, “आणि नवरीनं काय बांधायचं?” “नवरीचं तर पॅकेजमध्ये असतंच ना, मोत्यांचं. तुमचं फक्त…” त्याला शब्द सापडेना. मीही मदत केली नाही. मग तो खरंच ओशाळून म्हणाला, “काकूजी, मला ना वाटतं तुम्ही आत असाव्या. बाहेर बसून राहिल्या तर कुणाला माहीतही नाही पडणार. नवीन ब्रोशर जाऊन राहिलंय छपाईला, उद्या शामपर्यंत हाँ-ना सांगून द्या. नाहीतर ती जागा मेंदीवालीला देतील वरचे लोक.”

तेव्हापासून हेच माझ्या डोक्यात आहे. हो म्हटलं तर मी डोशाच्या तव्याशेजारी बसणार, नाही म्हटलं तर ह्या गॅलरीत, काचेतल्या माझ्याच तोंडाकडे बघत. मुलाला फोन केला, संजीवला. तो गावाबाहेर, सुपर कॉरिडॉरकडे राहतो. म्हणाला, “आई, कर ना, टाइमपास होईल.” टाइमपास! इतके हात दुखवून घेतले ते टाइमपास करण्यासाठी? यांना विचारलं तर म्हणाले, “तुला काय पाहिजे ते बघ.” हे नेहमीचंच. मला काय पाहिजे ते मला आज सकाळी, मूठ हवेत असताना, पहिल्यांदा कळलं. मला त्या लग्नात असायचं होतं. बोलावलेलं नसताना, ओळख नसताना, पोळी तव्यावर जळत असताना. फुलं काय, कुठूनही येऊ देत. एवढं कळलं आणि सोपाचा दोरा हातातच तुटला. पुन्हा भिजवला.

ऊन कलल्यावर निघाले. टोपलीवर ओला फडका, अंगावर रोजचीच बरी साडी. यांना म्हटलं, येता का, तर म्हणाले, त्या गार हवेत माझे गुडघे धरतात, मी इथूनच बघतो. काय बघणार होते देव जाणे. दारावर गार्डनं टोपलीला हात आडवा घातला, “बाहर का फूल अलाउड नहीं है माताजी.” मी काही बोलायच्या आत आतून अरुंधती आली. नऊवारी शालू, घामाचा टिपूस नाही, आणि आवाज तोच मागच्या गल्लीतला. “अरे भिया, फूल बाहर का है, पर कपाळ मेरी बेटी का है. जाऊ दे त्यांना.” आणि माझ्याकडे वळून आधी दोन बोटं कपाळावरून फिरवली. आम्ही दोघी तिथेच गार्डसमोर हसत सुटलो.

मधुरिमा आरशासमोर बसली होती. समोर डबीत मोत्यांच्या मुंडावळ्या उघडून ठेवलेल्या. मी फडका काढला तर खोलीभर वास पसरला आणि तिची मेकअपवाली, खुशी नावाची पोरगी, म्हणाली, “ओ हो आंटी, ये तो अलगच लेव्हल आहे.” मी मधुरिमाच्या कपाळावर फुलं टेकवली. दोरी मागे नेली आणि माझे हात थांबले. किती आवळू? पोरगी आरशातून माझ्याकडे बघत होती, तिच्या आईचेच डोळे. म्हणाली, “मावशी, थोड्या टाइट बांधा. मम्मीसारखी रेघ पाहिजे मला.” मी सैलच बांधल्या. पण माझे डोळे भरले ते तिनं पाहिलं असणार.

वर हॉलमध्ये सगळं गार आणि मोठं. फुलांची भिंत, दिव्यांची झुंबरं, आणि मंगलाष्टकं सुरू झाली ती जमिनीतून आल्यासारखी, छातीत घुमणारी. एवढा आवाज, आणि त्यातला थेंबही गल्लीत पडत नव्हता. माझ्या हातात अक्षता दिल्या गेल्या, जाळीच्या छोट्या पिशवीत बांधलेल्या. मी ती सोडली. आजूबाजूला सगळे फोन उंच धरून उभे. मी स्टेजकडे बघायला हवं होतं, पण माझी नजर पाठीमागे जात होती, गल्लीच्या अंगाला. तिथे वरपासून खालपर्यंत पांढरे पडदे. पडद्यापलीकडे काच, काचेपलीकडे आमचं घर. पहिलं मंगलाष्टक संपलं, लोकांनी तांदूळ उधळले, आणि मला आपल्या माणसाला स्टेशनवर विसरून गाडीत बसल्यासारखं झालं. मी माणसांतून वाट काढत भिंतीपाशी गेले आणि पडद्याची कड धरली.

“काकूजी, परदा नका हटवू,” यशवर्धन धावत आला, “फोटोत ग्लेअर येईल.” मी म्हटलं, “येऊ दे,” आणि ओढला.

बाहेर गोरजाची वेळ. आभाळ तांबूस, दुकानांचे दिवे नुकते लागलेले. काचेला डोकं टेकवून दोन्ही हातांचा आडोसा केला तेव्हा कुठे दिसलं. समोर आमची गॅलरी, आणि गॅलरीत हे उभे. धुतलेला सदरा घालून, डोक्यावर ठेवणीतली काळी टोपी, डाव्या हातात पितळेची वाटी. कुणाच्याही लग्नाला इतके नटून हे शेवटचे कधी गेले होते मला आठवत नाही. सकाळी काचेत फक्त गल्ली दिसत होती; आता आत दिवे होते आणि बाहेर अंधारून आलं होतं, त्यामुळे त्यांना मी दिसत असणार, पुरती, डोक्यापासून पायापर्यंत. दिसत होतेच. त्यांनी मान थोडी पुढे केली, जसे ते लांबचा वॅगन नंबर वाचायला करायचे, आणि उजव्या हातानं मूठ भरली. माझ्या मागे सगळा हॉल दणाणत होता, त्यांच्याकडे सगळं शांत. त्यांना काय फरक पडणार होता? त्यांचं ऐकणं माझ्या हातात होतं, आणि तो हात सकाळी मी खाली घेतला होता.

‘सावधान’ झालं. मी हात वर केला. समोर त्यांचा हात वर गेला. मी अक्षता टाकल्या, त्या काचेवर आपटून माझ्याच पायाशी पडल्या. त्यांनी टाकल्या, त्या खाली रस्त्यावर गेल्या, कुणाच्या तरी नव्याकोऱ्या गाडीच्या टपावर. मनीष दुकानाबाहेर आला होता. त्यानं वर बघितलं, आमच्या गॅलरीकडे, मग काचेकडे, मग माझ्याकडे. आणि आत जाऊन परातीवर झाकण ठेवून आला. मी मोठ्यानं हसले. शेजारचे दोन-तीन पाहुणे माझ्याकडे बघायला लागले. बघू देत.

यशवर्धन अजून तिथेच उभा होता, वॉकीटॉकी हातात, आणि तोही काचेतून समोर बघत होता. मी म्हटलं, “बेटा, तुझा काउंटर इथे लावायचा. लॉबीत नाही. इथे, ह्या काचेपाशी. आणि मुहूर्ताच्या वेळी हा पडदा उघडा राहील.” तो म्हणाला, “वरचे लोक विचारतील काकूजी, का म्हणून.” मी म्हटलं, “सांग त्यांना, पलीकडे वऱ्हाड उभं असतं.” त्यानं हळूच विचारलं, “आणि नऊवारी?” “नऊवारी मी सणाला नेसते, नोकरीला नाही. आणि नवरीच्या कपाळावर फुलं जातील, मोत्यांची डबी हवी तर पाहुण्यांना दाखव.” त्यानं मान डोलावली. ती हो होती का, की नुसतं मोठ्या माणसापुढे डोलावतात तसं, हे तेव्हा कळायला मार्ग नव्हता, आणि मला वेळही नव्हता.

कारण पुढचं मंगलाष्टक सुरू झालं होतं. समोर त्यांनी पुन्हा मूठ भरली आणि माझ्या हाताकडे बघत उभे राहिले.